कर्करोगाच्या पेशीतला निरोप टिपायचा आणि मोजायचा कसा: कोकणातल्या कॉलेजांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली, की अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही जीवशास्त्र विभागात कुणीतरी म्हणतंच, "सर, कॅन्सरवर काहीतरी करू या." मग बहुतेक वेळा ठरलेलंच घडतं: कुठल्या तरी पानाचा अर्क काढायचा, पेशींवर ओतायचा आणि किती मेल्या ते मोजायचं. पेशी मरतात. भरपूर ओतलं तर मिठानंही मरतात. पण मरण्याआधी पेशीच्या आत काय घडलं, ते यातून कळत नाही.

या लेखात वेगळा रस्ता सांगतो. पेशीला बाहेरून एक निरोप द्यायचा, तो केंद्रकापर्यंत पोचला का ते फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली (प्रकाश टाकला की चमकणारे रंग दाखवणाऱ्या) बघायचं आणि जे दिसलं ते आकड्यात मांडायचं. यातलं 'आकड्यात' महत्त्वाचं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-निळ्या पेशींचं चित्र कुणालाही भुरळ घालतं, परीक्षकांनाही. पण तुलनेला शेजारी कंट्रोल नसेल आणि मोजणी नसेल, तर ते चित्र भिंतीवर लावण्यापुरतंच.

"आमच्याकडे कन्फोकल कुठाय?" हा प्रश्न लगेच येईल. कन्फोकल म्हणजे पेशीचा एकेक पातळ थर वेगळा टिपणारा महागडा सूक्ष्मदर्शक. या प्रयोगाला कन्फोकल लागत नाही. का लागत नाही, ते पुढे येतंच.

कुठला निरोप निवडायचा

पेशीतल्या निरोपांच्या साखळ्या पुष्कळ आहेत. ईजीएफ नावाचा वाढीचा घटक बाहेरच्या रिसेप्टरला चिकटला, की रास, राफ, मेक, अर्क (इंग्रजीत ERK, पानाच्या अर्काशी संबंध नाही) अशी एकामागून एक प्रथिनं जागी होतात. वेगवेगळ्या कर्करोगांत ही साखळी कुठे ना कुठे अडकून सतत चालू राहिलेली सापडते. मेलानोमाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बी-राफ बदललेलं असतं, स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत के-रास बदललेलं असतं. विषय मोठा आहे, पण पहिल्याच प्रयत्नात अर्कच्या मागे लागू नका. फॉस्फेट लागलेलं अर्क ओळखून त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी लहरी असतात, आणि मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, नुसता बदलला तरी हे प्रथिन चाळवतं.

नवशिक्यांसाठी माझी निवड ठरलेली आहे: एनएफ-कॅपा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली हे प्रथिन दाखवून दिलं. पेशी शांत असते तेव्हा त्याचा पी-६५ हा भाग पेशीद्रवातच असतो, कारण आय-कॅपा-बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनानं त्याला धक्क्यावर बांधलेल्या होडीसारखं अडकवून ठेवलेलं असतं. बाहेरून टीएनएफ-अल्फा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन आलं, की आयकेके हे एन्झाइम आय-कॅपा-बीवर फॉस्फेट चिकटवतं. त्यानंतर आय-कॅपा-बीचा प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, चुरा होतो आणि मोकळं झालेलं पी-६५ केंद्रकात शिरतं. साधारण अर्ध्या तासात बहुतेक पी-६५ आत गेलेलं दिसतं. आत जाऊन ते जी जनुकं चालू करतं, त्यांत पेशीला मरणापासून वाचवणारी जनुकं आहेत, आणि खुद्द आय-कॅपा-बीचंही जनुक आहे. त्यामुळे थोड्या वेळानं नवं आय-कॅपा-बी तयार होतं आणि पी-६५ला पुन्हा बाहेर खेचतं. जिवंत पेशींवर नजर ठेवली तर हे आत-बाहेर सुमारे शंभर मिनिटांच्या लयीत चालताना दिसतं. २००४ साली हे प्रसिद्ध झालं.

कर्करोगाशी याचा संबंध सरळ आहे. दीर्घकाळच्या दाहात हा निरोप चालूच राहतो, आणि पुष्कळ गाठींमधल्या पेशी त्याच्या जोरावर केमोथेरपीला दाद देत नाहीत. मशेरी लावणाऱ्या आज्या आपल्या गावागावात आहेत, त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाबद्दल वेगळं सांगायला नको. त्या गाठींतही हे प्रथिन अनेकदा जास्त जागं असतं.

आणि प्रयोग करणाऱ्याच्या सोयीचं म्हणाल तर पी-६५ला अँटिबॉडीमार्फत चमकता रंग लावला, की उत्तर एकाच गुणोत्तरात मिळतं: केंद्रकातली चमक भागिले पेशीद्रवातली चमक. वहीच्या पहिल्या पानावर हे गुणोत्तर लिहा आणि ते किती वेळात किती बदलेल असं वाटतं, तेही लिहा. हे लिहिल्याशिवाय अँटिबॉडीची ऑर्डर देऊ नका.

पेशींआधी लॅपटॉप

मुलांना ही पायरी टाळायची असते, कारण त्यांना लॅबकोट घालायचा असतो. टाळू देऊ नका. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटनं पेशींच्या चित्रांचे संच सरावासाठी सगळ्यांना खुले ठेवले आहेत. त्यातला 'बीबीबीसी-०१४' हा संच नेमका आपल्या कामाचा आहे: एमसीएफ-७ या स्तनाच्या आणि ए-५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगपेशी, टीएनएफ-अल्फाचे चढते डोस आणि केंद्रकात शिरणारं पी-६५. दुसऱ्या कुणीतरी नीट केलेला प्रयोग तुम्हाला आयता मिळतो. त्यावर हात बसला, की तुमच्या चित्रांत काय चुकतंय ते चटकन कळतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे. इमेज-जे हा प्रोग्रॅम वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत लिहिला. त्याचाच सगळी साधनं घालून दिलेला अवतार म्हणजे फिजी. साध्या लॅपटॉपवर चालतो आणि एकदा उतरवून घेतला की नेटही लागत नाही, म्हणजे पावसात रेंज गेली तरी काम थांबत नाही.

आता क्रम. डॅपीचं, म्हणजे केंद्रकाला निळं रंगवणाऱ्या रंगाचं चित्र उघडा आणि त्याची एक प्रत काढून तिच्यावरच काम करा. गॉसियन ब्लर हलकासा द्या, सिग्मा १ किंवा २. मग थ्रेशोल्डमध्ये ओत्सु पद्धत निवडून केंद्रकं काळी-पांढरी वेगळी काढा. फिल होल्सनं आतली भोकं बुजवा, वॉटरशेडनं एकमेकांना चिकटलेली केंद्रकं सोडवा. नंतर ॲनलाइझ पार्टिकल्स. इथे आकाराची चाळणी लावायची: पंधरा मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस मायक्रोमीटर येतं, म्हणून ८० ते ४०० ही मर्यादा सुरुवातीला ठीक. चित्राला मापपट्टी नसेल तर पिक्सेलमध्ये अंदाज घ्या. कडेला अर्धवट कापलेली केंद्रकं वगळण्याची खूण करा. सगळ्या बाह्यरेषा आरओआय मॅनेजरमध्ये, म्हणजे निवडलेल्या जागांच्या यादीत, जमा होतील.

या रेषा आता पी-६५च्या चित्रावर ठेवा आणि प्रत्येक केंद्रकातली सरासरी चमक घ्या. पेशीद्रवासाठी अख्ख्या पेशीची हद्द शोधत बसायची गरज नाही. केंद्रकाची रेषा एक मायक्रोमीटर बाहेर ढकला (एडिट, सिलेक्शन, एन्लार्ज) आणि तिथून तीन मायक्रोमीटर रुंदीचं कडं काढा (मेक बँड). मधला एक मायक्रोमीटर मुद्दाम सोडायचा, नाहीतर केंद्रकाच्या कडेची चमक कड्यात सांडते. प्रत्येक पेशीसाठी हे हातानं करणं कंटाळवाणं आहे. दहा पेशी हातानं करा, मग मॅक्रो रेकॉर्डर लावा किंवा सेलप्रोफायलरकडे वळा. तेही फुकट आहे आणि शेकडो चित्रं एका दमात उरकतं. केंद्रकं फार दाटीनं असतील तर सेलपोज हा नवा प्रोग्रॅम ती सोडवण्यात पटाईत आहे, मात्र त्याला जरा ताकदीचा संगणक लागतो.

पार्श्वभूमी वजा करणं विसरलात तर सगळं पाण्यात. उदाहरण घ्या. टीएनएफ दिलेल्या पेशीत केंद्रकाची चमक ९००, कड्याची ६००, आणि जिथे पेशीच नाहीत तिथली २००. तिन्ही आकडे कॅमेऱ्याच्या एककात. वजाबाकी करून गुणोत्तर ७०० भागिले ४००, म्हणजे १.७५. टीएनएफ न दिलेल्या पेशीत ४०० आणि ६००, पार्श्वभूमी तीच: २०० भागिले ४००, म्हणजे ०.५. फरक साडेतीन पट. वजाबाकी केली नाही तर हीच गुणोत्तरं १.५ आणि ०.६७ येतात आणि फरक सव्वादोन पटीवर उतरतो. प्रयोग तोच, पेशी त्याच.

पेशी आणणं आणि जगवणं

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून मागवाव्यात. संस्थेचं पत्र आणि शुल्क लागतं. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणायचा मोह होतो, पण हातोहात फिरलेल्या पेशी भलत्याच निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. दुसऱ्या पेशींच्या फ्लास्कमध्ये घुसून तो बळकावण्यात हेला पेशी तर कुप्रसिद्धच. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता, या पेशी काढल्या गेल्या आणि तेव्हापासून त्या वाढतच आहेत. मुलांना पेशी हातात देण्याआधी ही हकिगत सांगावी असं मला वाटतं. प्रयोगासाठी हेला किंवा ए-५४९ घ्या. दोन्ही टीएनएफला चांगला प्रतिसाद देतात आणि काचेवर चपट्या पसरतात, जे आपल्याला हवंच आहे.

किनारपट्टीवरच्या अडचणी मात्र पुस्तकात नसतात. पहिली लाइट. इन्क्युबेटर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर चालतो, तो आणि अँटिबॉडीचा फ्रीझर एका इन्व्हर्टरवर घ्या, आणि मध्ये स्टॅबिलायझर हवाच. वादळाच्या दिवसांत तास-दोन तास लाइट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही. बंद दाराआड पेशी बऱ्यापैकी तग धरतात, दर दहा मिनिटांनी डोकावणाऱ्या माणसापुढे नाही.

दुसरी बुरशी. मिरग लागला की हवेत बीजाणूच बीजाणू. पाऊस सुरू असताना कल्चर रूमची खिडकी 'जरा वारा येऊ दे' म्हणून उघडणारा कुणीतरी निघतोच, म्हणून खिडकीला कुलूप लावा. इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याची तबकडी असते, तिच्यात निर्जंतुक केलेलं पाणी दर आठवड्याला नवं घाला. पुठ्ठ्याची खोकी त्या खोलीत नकोत, ओल धरतात.

तिसरी द्रवरूप नायट्रोजन. पेशी दीर्घकाळ गोठवून ठेवायच्या तर तो लागतो, आणि 'तो इथे मिळत नाही' असं सगळे म्हणतात. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन खातं तोच नायट्रोजन वापरतं. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात जाऊन नीट विचारा. चांगल्या ओळखीनं निम्मी कामं होतात, हे कोकणात सांगायला नको.

गणपतीचं वेळापत्रक आधीच फळ्यावर लिहा. त्या दिवसांत प्रत्येकजण गावी असतो आणि पेशींना मीडिया घालायला कुणी उरत नाही. सुट्टीच्या आठवडाभर आधी पेशी गोठवा, आल्यावर नव्यानं काढा. जगवत ठेवायचा अट्टहास नको.

आणि मायकोप्लाझ्मा. हा भिंत नसलेला जिवाणू मीडिया गढूळ करत नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. पण पेशींतला दाहाचा निरोप तो आधीच चालू करून ठेवू शकतो, आणि आपला सगळा प्रयोगच त्या निरोपावर उभा आहे. डॅपीनं रंगवलेल्या पेशींत केंद्रकाबाहेर बारीक निळे ठिपके दिसले तर तो फ्लास्क फेकून द्या. पीसीआरची सोय असेल तर महिन्यातून एकदा तपासणी करा.

घड्याळ

१२ खान्यांच्या प्लेटमध्ये गोल कव्हरस्लिप ठेवून त्यावर पेशी वाढवायच्या. कव्हरस्लिपची जाडी '१.५ नंबर', म्हणजे ०.१७ मिलिमीटर हवी, कारण बहुतेक ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची पेशींजवळची भिंगं, त्याच जाडीसाठी घडवलेली असतात. स्थानिक दुकानात मिळणाऱ्या पातळ कव्हरस्लिपांनी चित्र धूसर येतं आणि दोष सूक्ष्मदर्शकाला जातो. दुसऱ्या दिवशी पेशी साठ टक्क्यांपर्यंत पसरलेल्या असाव्यात. दाटी झाली तर केंद्रकं सोडवताना तुमचेच हाल.

टीएनएफ-अल्फा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरेसं. सगळ्या खान्यांत एकाच वेळी टीएनएफ घालून वेगवेगळ्या वेळी फिक्स करायचं (म्हणजे रसायनानं पेशी आहेत तशा थिजवायच्या), की वेगवेगळ्या वेळी घालून सगळं एकदम फिक्स करायचं? दुसरं. दुपारी १२ला फिक्स करायचं ठरवा. मग साठ मिनिटांच्या खान्यात ११ला टीएनएफ, तीस मिनिटांच्या खान्यात साडेअकराला, पंधरा मिनिटांच्या खान्यात पावणेबाराला. शून्य मिनिटांच्या खान्यात टीएनएफ ज्या द्रावणात विरघळवलंय ते नुसतं द्रावण. असं केलं की फिक्स करणं, धुणं, रंगवणं सगळ्यांचं सारखं होतं. टीएनएफ ३७ अंशांच्या मीडियातून घाला. गार मीडिया पेशींवर पडला तर तो स्वतःच एक निरोप होतो.

टीएनएफ दिलेला आणि न दिलेला खाना सोडून आणखी दोन कंट्रोल हवेत. एका खान्यात टीएनएफच्या आधी तासभर एमजी-१३२ घाला. हे प्रोटिअसोम अडवतं, आय-कॅपा-बीचा चुरा होत नाही आणि पी-६५ बाहेरच राहायला हवं. तसं राहिलं नाही, तर तुमची अँटिबॉडी भलतंच काहीतरी दाखवते आहे. दुसऱ्या खान्यात पहिली, म्हणजे पी-६५ला चिकटणारी, अँटिबॉडी गाळून फक्त तिला चिकटणारी, रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी वापरा. त्यात दिसेल ती चमक खोटी, तेवढी सगळीकडे गृहीत धरायची.

रंगवणं

मीडिया काढा, गार पीबीएसनं (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणानं) एकदा धुवा आणि ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड पंधरा मिनिटं. हे काम धूरकपाटातच. द्रावण ताजं असावं, किंवा ताजं करून छोट्या नळ्यांत गोठवलेलं. महिनाभर फ्रीजमध्ये पडलेल्या बाटलीवर विसंबू नका. पीएच ७.४ आहे ना, ते मोजा. मग पीबीएसनं तीनदा धुणं, ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० दहा मिनिटं म्हणजे अँटिबॉडीला आत शिरायला वाट होते, आणि ३ टक्के बीएसए या प्रथिनाच्या द्रावणात एक तास ब्लॉकिंग, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही.

पहिली अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर. किती पातळ करायची ते कंपनीच्या पत्रकात असतं, पण ती संख्या सुरुवात म्हणून घ्या, आणि एकदा तिच्या दुप्पट व निम्म्या तीव्रतेवर करून बघा. पॅराफिल्मवर पन्नास मायक्रोलिटरचा थेंब ठेवून कव्हरस्लिप पालथी टाकली तर महागडी अँटिबॉडी जपून वापरली जाते. खाली ओला टिपकागद, वर झाकण. दुसऱ्या दिवशी तीनदा धुणं, दुसरी अँटिबॉडी अंधारात एक तास, डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पाच मिनिटं, पुन्हा धुणं, घट्ट होणाऱ्या माध्यमात माउंट. आषाढात हे माध्यम सुकायला एरवीपेक्षा बराच जास्त वेळ घेतं. सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात दोन रात्री ठेवा आणि मगच कडेनं नेलपॉलिश लावा.

फॉर्मल्डिहाइडचं पहिलं धुवण मोरीत ओतायचं नाही, हे आपल्याकडे दुप्पट खरं. जांभा सच्छिद्र असतो. कॉलेजच्या मागच्या खड्ड्यात गेलेलं पाणी बघता बघता कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्याबरोबर द्या. पेशींचा कचरा ऑटोक्लेव्ह करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत.

सूक्ष्मदर्शक

हिवाळ्याच्या रात्री आपल्या किनाऱ्यावर लाटा निळसर चमकतात, मुलांनी ते पाहिलेलं असतं आणि 'हे तसंच ना?' असं ती विचारतात. तसं नाही. लाटेत चमकणारे सूक्ष्मजीव रसायनातून स्वतः प्रकाश तयार करतात. फ्लुरोसन्समध्ये आधी प्रकाश टाकावा लागतो, आणि परत येणारा प्रकाश जास्त तरंगलांबीचा असतो. दोन्ही एकाच जिवात पाहायचे असतील तर ओसामु शिमोमुरांनी अभ्यासलेल्या जेलीफिशकडे बघा. तिच्यात एक प्रथिन रसायनातून निळा प्रकाश देतं आणि दुसरं, जीएफपी, तो शोषून हिरवा देतं. या जीएफपीसाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८चं नोबेल मिळालं.

आता कन्फोकलचा मुद्दा. २० पट ऑब्जेक्टिव्हचं न्यूमरिकल ॲपर्चर (प्रकाश गोळा करायच्या क्षमतेचा आकडा) ०.४ धरलं आणि हिरवा प्रकाश ५२० नॅनोमीटरचा, तर ०.६१ गुणिले ५२० भागिले ०.४, म्हणजे सुमारे ८०० नॅनोमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. केंद्रक पंधरा मायक्रोमीटरचं. आपल्याला केंद्रकाच्या आत की बाहेर एवढंच ठरवायचं आहे, त्याला हे भरपूर झालं. साधा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आणि काळा-पांढरा कॅमेरा पुरतो. एक मर्यादा लक्षात असू द्या: साध्या सूक्ष्मदर्शकात केंद्रकाच्या वर-खाली असलेल्या पेशीद्रवाची चमकही केंद्रकात मिसळते, त्यामुळे गुणोत्तर कधीच शून्याजवळ जात नाही. म्हणून चपट्या पेशी निवडल्या.

तेवढाही सूक्ष्मदर्शक नसेल तर फिक्स करून माउंट केलेल्या स्लाइड प्रवास करू शकतात, जिवंत पेशींसारखे त्यांचे नखरे नसतात. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, मुंबईत आयआयटी आहे. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं उपकरण बाहेरच्यांना वापरायला मिळतं ते शोधता येतं. स्लाइडचा डबा आडवा ठेवा, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, थंड पेटीत घाला आणि मांडवी एक्स्प्रेसनं पनवेल गाठा. डबा मांडीवर, वरच्या बर्थवर नको.

एक्स्पोजर ठरवताना सगळ्यात जास्त चमकणारी स्लाइड आधी लावा, म्हणजे तीस मिनिटांची. तिच्यातला एकही पिक्सेल कमाल आकड्याला टेकणार नाही इतका एक्स्पोजर कमी करा, तो वहीत लिहा आणि मग शून्य मिनिटांच्या स्लाइडलाही तोच ठेवा. मंद दिसतेय म्हणून तिला जास्त वेळ दिला की प्रयोग संपला. ऑटो एक्स्पोजरचं बटण बंद. चित्र १२ किंवा १६ बिटचं टिफ, जेपेग कधीच नाही, कारण जेपेग आकडे बदलतं. कुठल्या जागेचं चित्र घ्यायचं ते डॅपी बघून ठरवा, पी-६५ बघून नाही. हिरवं सुंदर दिसलं तिथेच थांबायचा मोह भल्याभल्यांना होतो. जमलं तर स्लाइडवरची नावं दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या.

लेन्सवरच्या बुरशीबद्दलही सांगायला हवं. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते आणि काचेवरचा थर कायमचा खाते. वापर झाला की ऑब्जेक्टिव्ह काढून ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवा. कपाट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि निळं सिलिका जेल चालेल, गुलाबी झालं की भट्टीत वाळवून परत निळं करायचं. प्लास्टिकचं आवरण घालून सूक्ष्मदर्शक झाकणं वाईट, आत ओल कोंडते.

किती पेशी, किती वेळा

एका स्लाइडवर दोनशे पेशी मोजल्या, तीन वेळा प्रयोग केला, म्हणजे नमुने सहाशे? नाही, तीन. एकाच खान्यातल्या दोनशे पेशींना एकच टीएनएफ, एकच अँटिबॉडी, एकच हात लागलेला असतो. प्रत्येक वेळच्या प्रयोगाचा एक मध्यक काढा आणि सांख्यिकीची चाचणी त्या तीन-तीन आकड्यांवर लावा. सहाशे धरले तर कुठलाही फरक 'लक्षणीय' ठरतो, आणि अशा पी-व्हॅल्यूंवर लिहिलेले शोधनिबंध कमी नाहीत. पेशींचा विखुरलेपणा मात्र आलेखात दाखवाच: बारीक ठिपके पेशींचे, मोठे ठिपके प्रयोगांचे. टीएनएफ दिल्यावरही काही पेशी शांतच बसलेल्या दिसतील. ती चूक नव्हे, पेशींचा स्वभाव आहे, आणि नुसती सरासरी लिहिली तर तो लपतो.

हळद, कोकम आणि मोह

एवढं जमलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आता यावर कोकम घालून बघू?" बघा, जरूर बघा. पण कोकणातल्या दोन लाडक्या पदार्थांइतके फसवे पदार्थ या प्रयोगात दुसरे नाहीत.

हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच फ्लुरोसंट आहे. निळ्या प्रकाशाखाली ते हिरवट-पिवळं चमकतं, आणि आपण पी-६५ बघतो तेही हिरव्यातच. ते पेशीद्रवात साचतं आणि कड्यातली चमक वाढवतं, म्हणजे गुणोत्तर खाली येतं आणि 'हळदीनं एनएफ-कॅपा-बी रोखलं' असा निष्कर्ष आयता तयार. कर्क्युमिन दिलेला पण कुठलीही अँटिबॉडी न लावलेला एक खाना ठेवा. तो हिरवा दिसला तर दुसरी अँटिबॉडी लांबच्या लाल रंगाची घ्या. शिवाय ७.४ पीएचच्या द्रावणात कर्क्युमिन झपाट्यानं मोडतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. त्यामुळे प्लेटमधल्या निकालावरून दुधात हळद घालण्याबद्दल एक अक्षरही लिहू नये. हाच पदार्थ अनेक चाचण्यांत खोटे होकार देतो, हे रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली सविस्तर मांडलं आहे.

कोकमाची अडचण वेगळी. सालीत गार्सिनॉल आहे, ते अभ्यासण्याजोगंही आहे. पण आगळात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं. अर्क घालताच मीडिया गुलाबीचा पिवळा झाला तर तुम्ही औषध तपासत नाही, आंबटपणा तपासताय. अर्काचा पीएच जुळवून घ्या आणि तेवढंच आम्ल घातलेला एक खाना शेजारी ठेवा. आगळ असेल तर मीठही असतं, म्हणून बिनमिठाच्या सुक्या सालीपासून सुरुवात करा. फळ कुठल्या झाडाचं, कधी तोडलेलं, तेही नोंदवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात आणि परसातलं रानटी झाड यांचा अर्क सारखा येईल असं धरून चालू नका.

अर्क ज्यात विरघळवायचा तो डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि जितका अर्काच्या खान्यात तितकाच कंट्रोलमध्ये घाला. वनस्पतीच्या कच्च्या अर्कात जिवाणूंची एंडोटॉक्सिनं हमखास येतात आणि काही पेशींमध्ये ती स्वतःच एनएफ-कॅपा-बी जागं करतात. आणि सगळ्यात सोपी, म्हणून सगळ्यात विसरली जाणारी तपासणी: ज्या डोसवर निरोप थांबलेला दिसला, त्या डोसवर पेशी जिवंत आहेत ना? मरणाऱ्या पेशी निरोप पोचवत नाहीत, त्यासाठी औषध लागत नाही.

अहवालात चित्र देताना सगळ्या चौकटींचं काँट्रास्ट एकदम आणि सारखंच बदला, मापपट्टी टाका, ऑब्जेक्टिव्ह, एक्स्पोजर, पेशींची संख्या आणि प्रयोग किती वेळा केला ते चित्राखाली लिहा. मूळ टिफ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. पुढच्या वर्षीच्या मुलांना सरावासाठी त्याच द्या, आणि ज्यांना आणखी हवं असेल त्यांना 'बीबीबीसी-०१३' काढायला सांगा. त्यात फॉक्सो कुळातलं, जीएफपी जोडलेलं प्रथिन आहे. पीआय-३-कायनेज चालू असेपर्यंत ते बाहेर असतं आणि वोर्टमॅनिन या रसायनानं ते एन्झाइम अडवलं की केंद्रकात शिरतं. गुणोत्तर आणि मॅक्रो तेच, फक्त इथे निरोप तुटला की प्रथिन आत जातं.